चित्राखाली नाव कोणाचे?

(अहमदपूर येथे तालुक्यातील महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण. छापताना थोडे संक्षिप्त केले आहे.)



आजच्या बैठकीचा विषय कळल्यावर दोघीतिघींनी मला विचारले, "ताई, मारहाणीच्या केसेस आहेत, रेशनचे प्रश्न आहेत, रोजगार हमीची मजुरी अडकली आहे, आणि तुम्ही चित्रांच्या प्रदर्शनाचे काय काढलेत?" प्रश्न रास्त आहे. पण प्रदर्शन म्हणजे हौसमौज, पोट भरल्यावर करायची गोष्ट, असे आपण धरून चालतो ते मला पटत नाही. बाईच्या हातच्या कामाची किंमत कोण ठरवतो, पैसे कोणाच्या हातात पडतात आणि खाली नाव कोणाचे लागते, हे शेतातल्या मजुरीइतकेच आपले प्रश्न आहेत.

एक खरी हकिगत सांगते. आपल्याच महाराष्ट्रातली, आणि अर्धी बिहारमधली.

ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांवर लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक लिहितात. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि मध्ये पालघट देवी. हा चौक लिहायचा मान सवाष्णींचा. पुरुषाचे ते काम नव्हतेच. दुसरीकडे बिहारमध्ये मिथिलेत नवरा-नवरीच्या खोलीच्या भिंती रंगवायच्या त्याही बायकांनीच. १९६६-६७ साली बिहारात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी नावाच्या मराठी चित्रकाराला कागद घेऊन तिकडे पाठवले. भिंतीवर काढता ते कागदावर काढा, आम्ही विकत घेऊ, असा तो कार्यक्रम. बायकांनी काढले. पुढे जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ साली, गंगा देवींना १९८४ साली.

हेच भास्कर कुलकर्णी पुढे वारली पाड्यांवर गेले आणि तिथेही कागद दिला. पण तिथे कागद गेला पुरुषांच्या हातात. जिव्या सोमा मशे हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि ते त्या मानाचे मानकरी होतेच, त्यांच्या रेघेबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण शेकडो वर्षे भिंत लिहिणाऱ्या सवाष्णींपैकी एकीचे तरी नाव आपल्याला सांगता येते का? मलाही सांगता येत नाही.

कागद तोच, माणूसही तोच. मग असे का झाले? माझे मत सांगते, अभ्यासकांनी खोडून काढावे. भिंतीवरचे चित्र घरातले असते, देवाधर्माचे असते, ते विकले जात नाही, म्हणून ते बाईकडे राहते. ते कागदावर उतरले की बाजारात जाते. बाजार म्हणजे प्रवास, परक्या माणसांशी बोलणे, पैशाचा हिशेब. तिथे घरचा पुरुष पुढे होतो. मिथिलेत कागद बाईच्या दारात आला आणि विकत घेणाराही दारात आला, त्यामुळे निदान काही जणींचे नाव तरी टिकले. तिथेही जात सुटली नाही, हे आपण विसरायला नको. आधी नावारूपाला आल्या त्या ब्राह्मण-कायस्थ घरांतल्या बायका. दलित बायकांची गोदना शैली बऱ्याच नंतर लोकांसमोर आली.

आता आपल्या तालुक्याकडे या. आपल्याकडे वारलीसारखा गाजावाजा झालेली चित्रे नाहीत. आहे ती वाकळ. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर, त्यावर हातभर दोऱ्याचे टाके, आणि कडेने लावलेले रंगीत तुकडे. आणि तांड्यांवर बंजारा बायकांचे भरतकाम आहे: आरसे, कवड्या, फेटिया, कांचळी. तरुण मुली आता फेटिया घालत नाहीत. म्हाताऱ्यांच्या पेटीतले जुने फेटिये विकत घ्यायला फेरीवाले व्यापारी येतात, चार पैसे टेकवतात, आणि तेच तुकडे शहरात पिशव्यांवर, उशांवर लागून पाचपट भावाने विकले जातात.

वेळा अमावस्येला आपण शेतात कडब्याची कोप घालतो, पाच पांडवांना चुना लावतो. ती मांडणी कोण करते? उंबऱ्यावरची रांगोळी कोण काढते? याला कोणी कला म्हणत नाही, कारण ती दुसऱ्या दिवशी झाडून टाकायची असते. औसा-निलंगा भागात १९९३ च्या भूकंपानंतर तर दगडमातीच्या घरांबरोबर सारवायच्या भिंतीच गेल्या.

दोन वर्षांपूर्वी एका सरकारी विक्री-प्रदर्शनात आमच्या गटातल्या एका बाईची वाकळ ठेवली होती. तिने ती पूर्ण करायला उन्हाळा आणि निम्मा पावसाळा घालवला होता. स्टॉल लोणच्या-पापडांच्या मधोमध. वाकळ घडी करून खाली ठेवलेली, वरती हळदीची पाकिटे. चिठ्ठीवर गटाचे नाव होते, बाईचे नव्हते. एक गिऱ्हाईक म्हणाले, "बाजारात ब्लँकेट चारशेला मिळते." बाई मुकाट्याने घडी उचलून घेऊन आली. मला त्या गिऱ्हाइकाचा राग आला नाही. वाकळ पापडाशेजारी ठेवली की तिची तुलना ब्लँकेटशीच होणार. तीच भिंतीवर टांगली, नीट उजेड पाडला, शेजारी नाव, गाव आणि लागलेले दिवस लिहिले, तर तोच माणूस दोन पावले मागे सरून बघेल.

ही माझी कल्पना नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे गाव आहे. तिथल्या गरीब काळ्या बायका शेतात घालून फाटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. आणि २००७ साली त्यांतल्याच काही बायकांना कोर्टात जावे लागले, कारण त्यांच्या नमुन्यांवर इतरांनी कमावलेल्या पैशात आपल्याला न्याय्य वाटा मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढल्या वर्षी ते प्रकरण मिटवण्यात आले. म्हणजे भिंतीवर लागणे पुरेसे नाही. कागदपत्र आधी हवे.

कागदपत्राचेच बोलायचे तर आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या ५७ व्या कलमाने कलाकृती विकली तरी ती आपली आहे असे म्हणण्याचा कलावंताचा हक्क शिल्लक राहतो. सोंडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. २०२३ च्या जुलैमध्ये हंपीला जी-२० च्या बैठकीच्या वेळी तिथल्या साडेचारशेहून अधिक बायकांचे १,७५५ नग मांडून जागतिक विक्रम केला गेला. सीमेपलीकडच्या आपल्याच बहिणींचे हे काम. आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. मला मात्र त्या साडेचारशे जणींची यादी हवी होती.

उलट १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत. भरतकाम करणारी बाई त्यात नाही. तिने शिंपी म्हणून अर्ज करावा, असे मला एकाने सुचवले!

हिवाळ्यात कुठे काय असते, तेही सांगते. मार्गशीर्ष वद्यात लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, नांदेड जिल्हा परिषदेची. घोडे, गाढवे, कुस्ती, लावणी महोत्सव सगळे असते. बाई तिथे फडावर दिसते, पण तिने केलेली कला टांगलेली दिसत नाही. मुंबईला महालक्ष्मी सरस भरते, तिथे जायचे तर गट उमेदमध्ये नोंदलेला हवा. कला संचालनालयाचे महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन असते, त्यात विद्यार्थी आणि कलावंत असे वेगळे विभाग असतात. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन असते. अमृता शेरगिलला १९३७ साली सुवर्णपदक मिळाले ते याच सोसायटीचे. ज्यांच्या मुली शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा देतात, त्यांनी हे लिहून घ्या. दहावीला वाढीव गुण मिळाले की वही माळ्यावर टाकू नका. मुलगा असता तर आपण त्याला कला महाविद्यालयात धाडायचा विचार तरी केला असता.

जहांगीरमध्ये स्वतंत्र प्रदर्शन हा आपला विषय नाही. भाडे भरायचे आणि वर्षानुवर्षे नंबर लागायची वाट बघायची. सामूहिक प्रदर्शनात एक-दोन कामे पाठवणे जमण्यासारखे आहे. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. पण काच लावलेल्या फ्रेमला अर्धे तिकीट नाही, आणि रात्री मुक्काम कुठे करायचा, घरून परवानगी कोण देणार, हे प्रश्न तसेच आहेत. म्हणून एकटीने नको, तिघी-चौघींनी जावे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. प्रदर्शने भरतात हिवाळ्यात, कारण पाऊस नसतो, मंडप टाकता येतो. आणि नेमक्या त्याच वेळी आपले तांडे रिकामे असतात. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलला परततात. जिच्या हातात सुई उत्तम चालते तिच्या हातात त्या महिन्यांत कोयता असतो. मग प्रदर्शनात दिसते ते तांड्यावर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे काम, किंवा ज्यांना जावे लागत नाही अशांचे. आपण "संधी सगळ्यांना खुली आहे" असे म्हणतो तेव्हा हे कोणी लक्षात घेत नाही.

यावर माझी सूचना अशी. तांडे हलण्याआधीच, दसऱ्याच्या सुमारास, आपण कामे गोळा करू. प्रत्येक कामाची पावती दोन प्रतींत, एक बाईकडे. पावतीवर तिचे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे लावायचे की नाही ते ती ठरवील. कामाचे वर्णन, लागलेले दिवस, तिने सांगितलेली किंमत, आणि विकले नाही तर परत कोणाकडे द्यायचे ते. पैसे तिच्या खात्यात, गटाच्या नाही. गटाने खर्चापुरते काय घ्यायचे ते आधीच ठरवावे आणि पावतीवर लिहावे. यावर आज वाद झाला तरी चालेल, नंतर नको.

प्रदर्शन येळवस झाल्यावरच्या आठवड्यात इथे अहमदपुरातच भरवू. हॉल भाड्याने घ्यायची गरज नाही, शाळेचे दोन वर्ग रविवारी मिळाले तरी पुरे. वाकळी टांगायला बांबू आणि सुतळी लागेल. खिळे नकोत, कापड फाटते. नावाच्या चिठ्ठ्या मोठ्या अक्षरांत, आणि ज्या वाचू शकत नाहीत त्यांच्यासाठी दर तासाला कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवील. दुसरे प्रदर्शन मे महिन्यात, तांडे परत आल्यावर. तेव्हा उकाडा असेल, पण त्या स्वतः उभ्या राहून आपल्या कामाबद्दल बोलतील.

पावतीचा नमुना मी लिहून आणला आहे. तो फिरवते, त्यात काय राहिले ते सांगा. खोलीचे बोलायला उद्या मुख्याध्यापकांकडे कोण येते आहे माझ्याबरोबर?