बर्फाच्या वाटेवरचा खोळंबा

मुंबईच्या किंवा पुण्याच्या माणसास दोन दिवसांची सुट्टी लागून आली की तो खंडाळ्याकडे तोंड करतो आणि बोरघाटात अडकतो. दिल्लीकराच्या नशिबी इतका जवळचा घाट नाही. उत्तरेकडचे दोनअडीचशे किलोमीटर सपाट मैदान तुडवावे, तेव्हा कोठे त्यास पहिला डोंगर दिसतो. मात्र त्या डोंगराच्या पाठीशी साक्षात हिमालय उभा असतो आणि हिवाळ्यात त्यावर बर्फ असते. पायांना लांब चपट्या पट्ट्या बांधून त्या बर्फावरून घसरत जावयाचे, याला स्कीइंग म्हणतात, हे आपण जाणताच. मनालीजवळचे सोलंग, गढवालातील औली, काश्मीरमधील गुलमर्ग ही त्याची आपल्याकडील ठिकाणे. त्यांपैकी मोटारीने एका रात्रीत गाठता येण्याजोगे म्हणून दिल्लीकर सोलंग निवडतो. एका रात्रीत, हा अर्थात त्याचा समज.

माझे लहानपण अकोल्यास गेले. आमच्या लेखी बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात गुंडाळून गोणपाटाखाली झाकून ठेवलेली लादी. त्यावरून कोणी घसरत जाईल अशी कल्पनाही आम्हांला शिवली नव्हती. परंतु माझी मुलगी दिल्लीत वाढली. ती अकरा वर्षांची असताना तिने हा खेळ कोठेतरी चित्रफितीत पाहिला आणि मग घरात दुसरा विषय उरला नाही. २०२३ साली नाताळ सोमवारी आला होता. शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस सलग मोकळे. सरकारी नोकर वर्षारंभी सुट्ट्यांची यादी हाती पडताच प्रथम हेच पाहतो, आणि तेच त्याचे चुकते, कारण ती यादी सर्वांच्याच हाती असते.

शुक्रवारी, २२ डिसेंबरला, मी साडेपाचास कार्यालय सोडले. गर्दी सुरू होण्यापूर्वी शहराबाहेर पडावे असा माझा बेत होता. मुकरबा चौकात पोहोचलो तेव्हा त्याच बेताने निघालेले काही हजार गृहस्थ तेथे अगोदरच उभे होते. सिंघू सीमा ओलांडावयास आम्हांला दोन तास लागले. पुढे मुरथल आले. मुरथलचे पराठे प्रसिद्ध आहेत. दिल्लीहून उत्तरेस निघालेला प्रत्येक मनुष्य, भूक असो वा नसो, तेथे थांबतोच. धाब्याकडे वळण्यासाठी एक मोटार वेग कमी करते, तिच्या मागची त्याहून थोडा अधिक कमी करते, आणि एक किलोमीटर मागे कोणीतरी पूर्ण थांबलेला असतो. आपण का थांबलो, हे त्यास कधीच कळत नाही. तो पुढे अपघात झाला असावा असे म्हणतो आणि प्रत्यक्षात पुढे काहीही सापडत नाही.

हा भास नव्हे. जपानमधील नागोया येथील संशोधकांनी २३० मीटर परिघाच्या गोल मार्गावर २२ मोटारी उभ्या केल्या आणि चालकांना सारख्या वेगाने फिरत राहावयास सांगितले. सिग्नल नाही, वळण नाही, खड्डा नाही. तरीही थोड्या वेळाने त्या वर्तुळात आपोआप कोंडी उत्पन्न झाली, आणि ती एखाद्या लाटेप्रमाणे ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने उलट्या दिशेने सरकू लागली. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. रस्ता भरत आला की एका माणसाचे दचकणे मागच्या शंभरांना भोवते, एवढाच त्याचा अर्थ. यावर वैयक्तिक पातळीवर करण्याजोगे थोडेसेच आहे. पुढल्या गाडीच्या शेपटीला चिकटून न जाता मध्ये अंतर राखावे, म्हणजे आपल्यापुरती ती लाट जिरते. मी हे करून पाहिले. राखलेल्या अंतरात लगोलग दुसरी मोटार शिरते. तरी राखावे.

पानिपत आले तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. आता महामार्ग त्या शहरावरून उंच पुलाने जातो, त्यामुळे पानिपत पायाखालून निघून जाते. तथापि त्या रात्री पुलाच्या अलीकडे आम्ही बराच वेळ खोळंबलो होतो. मी एम्. ए.ला इतिहास घेतला होता. त्याचा नोकरीत फारसा उपयोग झाला नाही, पण पानिपतापाशी तो हटकून आठवतो. १७६० च्या ऑक्टोबरात भाऊसाहेबांनी कुंजपुरा जिंकला, आणि त्याच महिन्यात अब्दाली बागपतापाशी यमुना उतरून अलीकडे आला. मराठ्यांचा दिल्लीचा रस्ता तुटला. १४ जानेवारी १७६१ ला जे घडले त्याची पूर्वतयारी त्या बंद झालेल्या रस्त्याने केली होती. फौजेबरोबर उत्तरेतील तीर्थे करावयास निघालेले यात्रेकरू होते, बायकामुले होती, व्यापारी, नोकरचाकर होते. या साऱ्या लटांबराला आपल्याकडे बाजारबुणगे म्हणतात. शाळेत असताना मला त्या बाजारबुणग्यांचा फार राग येई. त्या रात्री मी मागे वळून आमची मोटार पाहिली. तीन बॅगा, दोन उशा, चकल्यांचा डबा, पाण्याचे बारा शिसे, एक थर्मास, आणि या सर्वांच्या मध्ये तोंड उघडे टाकून झोपलेली माझी दोन मुले. बाजारबुणग्यांविषयी मला प्रथमच थोडी आपुलकी वाटली.

मैदानातील खोळंबा त्रासदायक असतो, परंतु निरुपद्रवी. डोंगरातला तसा नसतो. मंडीच्या पुढे बियास नदी अरुंद खोऱ्यातून वाहते. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास पाणी. त्याच वर्षीच्या जुलैत आलेल्या पुराने हा रस्ता ठिकठिकाणी ओरबाडून नेला होता आणि डिसेंबरातही बऱ्याच ठिकाणी तात्पुरत्या भरावावरून एकेरी वाहतूक चालू होती. अशा रस्त्यावर कोंडी कशी होते, ते मी तेथे नीट पाहिले. रांग थांबलेली असते. समोरून येणारी बाजू क्षणभर मोकळी दिसते. एक अधीर मनुष्य त्या बाजूस मोटार घालतो. तो गेला म्हणून दुसरा जातो, मग दहा जातात. इतक्यात समोरून बस येते. तिला पुढे येता येत नाही, या दहांना मागे जाता येत नाही, आणि रांगेतले त्यांना आत घेत नाहीत. पाच मिनिटांचे काम दोन तासांवर जाते.

मनालीस पोहोचावयास आम्हांला एकोणीस तास लागले. रविवारी सकाळी सोलंगच्या रस्त्यावरील दुकानांतून बूट, जाड कपडे आणि स्की भाड्याने घेतल्या. या दुकानांना नावे असली तरी ती क्रमांकानेच ओळखली जातात. दुकानदाराने पैसे मोजून घेतल्यावर सांगितले की, सोलंगला बर्फच नाही. ते खरे होते. तो हिवाळा कोरडा गेला, जानेवारीत गुलमर्गच्या उतारांवरही गवत दिसत होते. बर्फ होते ते पलीकडे, लाहौलात. म्हणजे बोगद्यातून जावयाचे. मनालीत आलेल्या सगळ्यांनाच हे सांगण्यात आले होते.

अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांबीचा आहे. समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर असलेल्या या बोगद्याचे उद्घाटन ३ ऑक्टोबर २०२० रोजी झाले. दिवसाला तीन हजार मोटारी आणि दीड हजार मालमोटारी असा हिशेब धरून तो बांधला आहे. त्या नाताळात एका दिवसात त्यातून अठ्ठावीस हजारांहून अधिक वाहने गेल्याची नोंद पोलिसांनी केली. त्या वाहनांतले एक माझे होते.

जाताना विशेष त्रास झाला नाही. कोकसरकडे मुलीला तासभर बर्फ मिळाले. ती सतरा वेळा पडली आणि अठराव्या वेळी पाच-सहा मीटर सरळ गेली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून एकोणीस तासांचा शीण मी विसरलो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नंतर सिस्सूला जाऊन राजमाभात खाल्ला आणि तीनच्या सुमारास परत निघालो. बोगद्याचे तोंड तेथून काही किलोमीटरांवर, पण रांग गावापाशीच सुरू झाली होती. खाली चंद्रा नदी. त्या दिवसांत एका गृहस्थाने रांग चुकविण्यासाठी आपली मोटार या नदीच्या पात्रातून हाकली आणि पोलिसांनी त्यास दंड केला, हे वृत्त आपण वाचले असेल. मी तसे काही केले नाही. मी त्याहून साधे काम केले. तासभर उभा राहिल्यावर पुढचे तिघे उजवीकडे निघाले, त्यांच्या पाठोपाठ मीही निघालो.

फार तर दीडशे मीटर गेलो असेन. समोर बस उभी होती. आता माझ्या डावीकडे रांग, पुढे तिघे आणि बस, मागे माझ्यासारखे पाचपंचवीस. सूर्य डोंगराआड गेला आणि पाहता पाहता थंडी काचेतून आत येऊ लागली. तेवढ्यात मागून भोंगा ऐकू आला. केलाँगकडून येणारी रुग्णवाहिका होती. कुल्लूच्या इस्पितळात कोणास तरी न्यावयाचे होते.

तिला जावयास जागा नव्हती. जी जागा होती, ती आम्ही भरली होती. एक तरुण शिपाई धावत आला आणि त्याने माझ्या काचेवर टकटक केली. मला वाटले, हा आता रागावेल. तो रागावला नाही. “मागे घ्या” एवढेच तो म्हणाला आणि मग मागे पाहून त्यालाच कळले की मागेही घेता येणार नाही. मग तो, आणखी एक शिपाई आणि लाहौली टॅक्सीवाले मिळून एकेक मोटार इंच इंच कड्याकडे सरकवू लागले. रांगेतल्यांना पुढे, आमच्यासारख्यांना आत. मी खाली उतरून दोन मोटारींना ढकलण्यास हात लावला. शेजारी एक पन्नाशीचे लाहौली गृहस्थ होते. ते माझ्याशी चांगले बोलले. बोगदा होण्यापूर्वी रोहतांगची खिंड नोव्हेंबराच्या आसपास बंद झाली की वसंत सरेपर्यंत उघडत नसे, आजारी माणसाने हेलिकॉप्टरची वाट पाहावी, आणि हवा खराब असली तर नुसतीच वाट पाहावी, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

रुग्णवाहिका आमच्या शेजारून गेली तेव्हा चाळीस मिनिटे झाली होती. आत कोण होते, त्यांचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. मोटारीत आल्यावर मुलीने विचारले, “बाबा, आपण रांगेतच का नाही थांबलो?” माझ्या पत्नीने तिला चकली दिली.

दिल्लीस परतल्यावर मी या विषयावरचे बरेच वाचले. सरकारी माणसास दुसरा उपाय सुचत नाही. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात डेन्व्हरहून स्कीइंगला जाणाऱ्यांची दर रविवारी दुपारी हीच गत होते. त्यांच्याही वाटेवर उंचावरचा एक बोगदा आहे, आयझेनहॉवर बोगदा, १९७३ साली सुरू झालेला. रांग वाढली की तेथे मोटारी बोगद्याबाहेरच अडवून थोड्या थोड्या आत सोडतात, म्हणजे बोगद्याच्या पोटात कोणी अडकून पडत नाही. स्वित्झर्लंडमधील जवळजवळ सतरा किलोमीटरांच्या गोठार्ड बोगद्याशीही सुट्टीच्या दिवसांत हीच पद्धत आहे. तिला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ थेंब मोजण्याचे साधन असा आहे. डेन्व्हरहून तर १९४० पासून बर्फाकडे खास आगगाडी जात असे. ती २००९ साली बंद पडली आणि लोकांनीच मागणी केल्यावर २०१७ पासून पुन्हा सुरू झाली. आपल्याकडे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये रोहतांगवर जाणाऱ्या वाहनांना दिवसाला एक हजाराची मर्यादा घातली, सहाशे पेट्रोलची आणि चारशे डिझेलची. तो नियम खिंडीसाठी होता. बोगदा त्या खिंडीच्या खालून जातो, आणि त्याला अशी मर्यादा नाही.

मर्यादा घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मनालीच्या हॉटेलवाल्यांस ते रुचणार नाही आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही, कारण पुराने बुडालेला त्यांचा हंगाम या चार दिवसांवरच उभा असतो. परंतु निदान एक गोष्ट विनाखर्च करता येईल. रांगेतल्या पर्यटकांना थेंबाथेंबाने सोडावे आणि लाहौलच्या बसला, टॅक्सीला व रुग्णवाहिकेला रांगच नसावी. पुढल्याच वर्षी, २३ डिसेंबर २०२४ ला, सोलंग ते बोगदा या टप्प्यात हिमवर्षावाने सुमारे हजार वाहने अडकली. पोलिसांनी रात्रभर खपून लोकांना खाली आणले. त्या वेळी मी घरी होतो, आणि दूरदर्शनसमोर बसून मला कोणासही नावे ठेवता आली नाहीत.

त्यानंतर आम्ही एकदा फेब्रुवारीत गेलो. मंगळवार ते शुक्रवार अशी रजा काढली. मुलीच्या शाळेला पत्र लिहिले, त्यात खरे कारण लिहिले, आणि मुख्याध्यापिकांनी आश्चर्य म्हणजे ते मान्य केले. मोटार दिल्लीतच ठेवली. चंडीगढपर्यंत आगगाडीने आणि पुढे हिमाचलच्या सरकारी बसने गेलो. चकल्यांचा डबा मात्र बरोबर होता. औटच्या अलीकडे दरड पडली होती, तेथे बस दीड तास उभी राहिली. समोरची बाजू पूर्ण मोकळी दिसत होती. मी उठून चालकाकडे पाहिले. त्याने इंजिन बंद केले होते, डोक्यावरची टोपी डोळ्यांवर ओढली होती आणि तो स्वस्थ झोपला होता. मुलगी खिडकीशी बसून नदीकाठचे ढिगारे मोजत होती. बत्तिसावर येऊन तिचीही गणती चुकली आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.