खरेदीआधी कपाट उघडा



भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल पेटली. कापडामागचा घाम आपल्याला वेगळा सांगायला नको. तरीही मोबाइलवर ‘सेल’ दिसला की आपण आणखी एक कुर्ता मागवतो आणि दोनदा घालून विसरतो. कापूस पिकवण्यापासून धरलं, तर एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं.

हाच मोबाइल आपल्याला आवरही घालू शकतो. कपाटातल्या कपड्यांचे फोटो ठेवून कोणता किती वेळा घातला, हे मोजणारी ॲप्स आहेत. १,००० रुपयांचा कुर्ता दोनदा घातला तर दर वेळेला ५०० रुपये पडले. ५० वेळा घातला तर फक्त २०. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या कायद्याने कपड्यांच्या ‘डिजिटल पासपोर्ट’ची वाट मोकळी केली आहे. कोड स्कॅन केला की कपड्याची माहिती समोर यावी, ही त्यामागची कल्पना.

पण ॲप टाका घालत नाही. तो मोहल्ल्यातला शिंपीच घालतो. म्हणून या ईदला नवं मागवण्याआधी कपाट मोजा, उसवलेलं शिवून घ्या आणि त्याच्या हातालाही काम द्या.