संग्रह आणि अडगळ

(शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा संक्षेप)



या व्यासपीठावरून मी साहित्यावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज एक घरगुती विषय घेतला आहे. नया बाजारातील आमचे वडिलोपार्जित घर मी गेली दोन वर्षे आवरतो आहे आणि ते अजून आवरून झालेले नाही. पोटमाळ्यावर पितळी घंगाळे, तांब्याचा बंब, दोन पाळणे, वडिलांच्या लोखंडी ट्रंका आणि पुस्तकेच पुस्तके. सकाळी एखादी वस्तू खाली आणतो, पुसतो, आणि सायंकाळी ती पुन्हा वर जाते. आमच्या सौ. म्हणतात, "तुम्ही घर आवरत नाही, वस्तूंना फिरवून आणता!"

आपल्या गावाचे नावच पाहा. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. त्या तळाचेच शहर झाले, म्हणून त्याला आजही लष्कर म्हणतात. छावणीतल्या माणसाचा संसार बैलाच्या पाठीवर मावेल तेवढाच. पुढे तंबूंचे वाडे झाले, वाड्यांना माळे आले आणि माळे भरत गेले. १८७४ मध्ये जयविलास राजवाडा उभा राहिला. त्याच्या दरबारातील एकेका झुंबराचे वजन सुमारे साडेतीन टन आहे, आणि ते पेलेल की नाही हे पाहण्यासाठी छतावर हत्ती चढवले होते, असे सांगतात. आपण सामान्य माणसे. परंतु आपल्या छताला न पेलणारे एखादे झुंबर प्रत्येकाच्या घरी असतेच.

माझे झुंबर म्हणजे पुस्तके. भांडी मोडीत देता आली, पुस्तके देववेनात. अखेर मन घट्ट करून चारशे पुस्तके हातगाडीवरून याच वाचनालयात आणली. दोन दिवसांनी ग्रंथपालांनी मला बोलावले आणि नम्रपणे म्हणाले, "सर, यांतली साठ आम्हाला हवी आहेत. बाकीची तुमच्या कपाटातून निघून आमच्या कपाटात बसली, तर साधले काय?" प्रथम राग आला. घरी परतताना उमगले, की मी दान करत नव्हतो. माझी अडगळ सार्वजनिक करत होतो.

योगसूत्रांतील यमांच्या गणनेत अपरिग्रह हा अस्तेयाच्याच पंक्तीला बसला आहे, याचा अर्थ मला तेव्हा कळला. जे मी वापरत नाही आणि सोडतही नाही, ते कोणाच्या तरी वाट्याचे अडवलेले असते. गाडगेबाबांजवळ स्वतःचे म्हणून एक गाडगे, काठी आणि चिंध्यांची वस्त्रे. तरीही त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. वस्तूंशी त्यांचे वैर नव्हते. वस्तू एकट्याची असू नये, एवढाच त्यांचा आग्रह. वाचनालयाचे तत्त्व याहून निराळे नाही. एक प्रत शंभर घरांत फिरते, तेव्हा शंभर कपाटे मोकळी राहतात. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके उपयोगासाठी असतात, हा त्यांतील पहिला.

आणि येथेच आपली, ग्वाल्हेरकरांची, अडचण आहे. आमची मुले घरात मराठी बोलतात. वाचतात मात्र हिंदी आणि इंग्रजी. मी मागे ठेवलेली पुस्तके उद्या कबाडी किलोच्या भावाने नेईल. त्यात मुलांचा दोष नाही. कोणते पुस्तक कोणाच्या हाती शोभेल, हे जोवर मला सांगता येते, तोवर ते मीच दिले पाहिजे.

म्हणून हल्ली दर रविवारी पिशवीत पाच पुस्तके घालून निघतो. जिथे कोणी वाचणारे आहे तिथे एक देतो. मुलांना गोडी वाटली, तर दोन पाने वाचूनही दाखवतो. काही पुस्तके परत येतात. मोह सुटला, असेही नाही; वडिलांच्या हस्ताक्षरातील टिपांची अकरा पुस्तके मी ठेवली आहेत, आणि ती ठेवणारच. आवरणे हा एका दिवसाचा पराक्रम नव्हे. तो रोजच्या केरवाऱ्यासारखा आहे.

आजची पाच पुस्तके दाराजवळच्या मेजावर आहेत. आवडेल ते न्यावे. माझी एकच विनंती : ते मला परत करू नये, वाचून पुढे द्यावे.