सुवार्ता आणि शेजारी
(ज्युबिलीच्या सभेतील भाषण)



आज आपल्या देवळाची घंटा वाजली, ती शेजारच्या हिंदू व मुसलमान बंधूंच्या घरीही ऐकू गेली असेल. म्हणून या मंगल दिवशी आम्ही एक प्रश्न आपणांपुढे ठेवितो. सर्व राष्ट्रांस सुवार्ता सांगावी, ही प्रभूची आज्ञा. आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, हीदेखील त्याचीच आज्ञा. मग ज्याची श्रद्धा निराळी, त्या शेजाऱ्याशी आपण कसे वागावे?

या प्रश्नाचे मोल गोमंतकात रक्ताने दिले गेले आहे. फादर रुदोल्फ आक्वाविवा हे १५८० ते १५८३ पर्यंत अकबर बादशहाच्या दरबारी होते. बादशहाने त्यांचे बोलणे आदराने ऐकिले. परंतु ख्रिस्ती धर्म स्वीकारिला नाही. पुढे १५ जुलै १५८३ रोजी साष्टीतील कुंकळ्ळी गावी ते व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. १८९३ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांस धन्य म्हणून गौरविले. त्यांच्या त्यागापुढे आपण मस्तक नमवितो. तथापि त्यापूर्वी पोर्तुगीज सत्तेने त्या लोकांची देवळे पाडिली होती, आणि मागाहून बोलणी करावयाची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविलेल्या गावकरांस ठार करण्यात आले, हेही आपण विसरू नये. तरवारीच्या छायेत आलेली वार्ता ऐकणाऱ्यास सुवार्ता कशी वाटावी?

त्याच साष्टीत इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनीही सेवा केली. राजसत्ता तीच होती. परंतु त्यांनी लोकांची भाषा आपलीशी केली आणि १६१६ साली ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध केले. ज्याची भाषा आपण प्रेमाने शिकतो, त्यास तुच्छ लेखणे कठीण होते.

कोणी म्हणेल, मग मुकाट्याने बसावे हेच बरे. आम्हांस ते मान्य नाही. दिवा मापाखाली झाकून ठेवू नये. पण तो दुसऱ्याच्या डोळ्यांतही खुपसू नये. तो श्रीमंत तरुण खिन्न होऊन परत फिरला, तेव्हा प्रभूने त्याच्यावर प्रीती केली. पण त्यास अडविले नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही स्पष्ट सांगितले की, कोणासही जुलमाने वा अनुचित उपायांनी धर्मात आणू नये. आणि धर्माकडे येणाऱ्यास जुलमाने रोखूही नये.

तेव्हा रोग्यास औषध देताना अथवा भुकेल्यास अन्न वाढताना आपण श्रद्धेची किंमत मागू नये. शेजाऱ्याच्या देवास हसू नये. त्याने विचारिले, तर लाज न धरिता आपली आशा सांगावी. आणि तो आपली सांगू लागला, तर तितक्याच शांतपणे ऐकावी.

एक कठीण गोष्ट शेवटी सांगतो. आपल्याकडे येणाऱ्यासाठी जे स्वातंत्र्य आपण मागतो, ते आपल्या घरातून दुसरीकडे जाणाऱ्यासही आपण देऊ काय? अश्रू आवरणार नाहीत. तरी दार उघडे व ताट वाढलेले ठेवू काय? आपल्या प्रीतीची खरी कसोटी तेथेच आहे.

बी पेरणे आपल्या हाती, उगवणे परमेश्वराच्या. ही नम्रता तो आपणां सर्वांस देवो. आमेन.