निकामी म्हणण्यापूर्वी
(शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो वरवर पाहता शिक्षणशास्त्राचा नाही. शाळेतील संगणकाचा मॉनिटर जुना झाला आणि त्यावर काही दिसेनासे झाले, म्हणजे शिक्षकाने काय पाहावे, एवढाच तो आहे. परंतु पडदा काळा झाला की संगणकाचा तास बंद पडतो आणि त्याचे नुकसान मुलांना सोसावे लागते. म्हणून हा विषय आपलाच आहे.

सर्व शिक्षा अभियान २००१ साली सुरू झाले. त्यातील संगणक-साहाय्यित शिक्षणाच्या घटकाखाली पुढील वर्षांत अनेक प्राथमिक शाळांना संगणक मिळाले. काही ठिकाणी ते लोकवर्गणीतून आले. त्यांपैकी जे मॉनिटर अजून शाळांत आहेत, ते आता बरेच जुने झाले आहेत. काही काचेच्या नळीचे, मागे पोट आलेले, काही चपटे. आपल्या जिल्ह्याला काचेच्या नळीचा पडदा अपरिचित नाही. पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉनच्या कारखान्यात एके काळी दूरचित्रवाणी संच तयार होत असत.

मध्यंतरी एका शाळेत गेलो असता कपाटाशेजारी एक चपटा मॉनिटर कापडाने झाकून ठेवलेला दिसला. डेडस्टॉक नोंदवहीत त्याच्यापुढे 'निकामी' असा शेरा होता. दोन वर्षे दर खंडेनवमीला त्यावर झेंडूची फुले वाहिली जात. पण शेजारच्या संगणकाची वीजवायर काढून त्यास लावून पाहावी, असे कोणास सुचले नव्हते. ती लावताच दिवा लागला व पडदा उजळला. दोष मॉनिटरचा नव्हता, वायरीचा होता. त्या दोन वर्षांत चौथीचे दोन वर्ग शाळा सोडून गेले. हे नुकसान कोणत्या नोंदवहीत मांडावयाचे?

प्रथम एक पथ्य सांगतो. मॉनिटरचे मागील झाकण शिक्षकाने कधीही उघडू नये. काचेच्या नळीत वीस हजार व्होल्टहून अधिक दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ राहू शकतो. चपट्या मॉनिटरच्या वीजपुरवठ्याच्या भागातही घातक दाब असतो. आपली सर्व परीक्षा बाहेरूनच करावयाची आहे.

मॉनिटरवरील लहान दिवा मुळीच लागत नसेल, तर दोष विजेच्या मार्गात शोधावा. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज येते की नाही हे पाहावे. वीज येत असेल, तर वायरीची दोन्ही टोके घट्ट बसवावीत. बहुतेक मॉनिटरची व संगणकाच्या पेटीची वीजवायर एकाच प्रकारची असते. ती बटणे बंद करून अदलाबदल करून पाहावी. मॉनिटरला वेगळा अ‍ॅडॉप्टर असेल, तर त्यावर छापलेले व्होल्टचे आकडे जुळल्याखेरीज दुसरा अ‍ॅडॉप्टर लावू नये. खेड्यात वीज जाते-येते, आणि येताना दाब एकाएकी वाढण्याचा संभव असतो. म्हणून वीज जाताच भिंतीवरील बटण बंद करावे व वीज आल्यावर काही मिनिटे थांबून मगच ते सुरू करावे.

दिवा लागला, परंतु तो नारिंगी राहतो किंवा लुकलुकतो आणि चित्र येत नाही, असे असेल तर कळफलकावरील एखादी कळ दाबावी. कदाचित संगणक झोपी गेला असेल. तरीही चित्र न आल्यास संगणकाकडून येणारी चित्राची वायर काढावी व मॉनिटर तसाच चालू ठेवावा. पुष्कळ मॉनिटरवर अशा वेळी सिग्नल नसल्याचा संदेश उमटतो. संदेश दिसला म्हणजे पडदा व त्यामागील दिवा शाबूत आहेत. दोष वायरीत किंवा संगणकात आहे, असे समजावे.

जुन्या मॉनिटरच्या या वायरीचे टोक बहुधा निळे असते व त्यात पिनांच्या तीन ओळींत पंधरा जागा असतात. काही वायरींत नववी पिन मुळातच नसते. ती तुटली असे समजू नये. पहिली पिन तांबड्या, दुसरी हिरव्या व तिसरी निळ्या रंगाचा संदेश नेते. पांढरे पान पिवळे दिसले तर निळा रंग पोहोचत नाही. गुलाबी-जांभळे दिसले तर हिरवा. आणि निळसर-हिरवे दिसले तर तांबडा. एखादी पिन वाकली आहे का ते पाहावे आणि शक्य असल्यास दुसरी वायर लावून पाहावी. पाचवीच्या मुलांसमोर ही परीक्षा केली, तर रंगमिश्रणाचा पाठही सहज होऊन जातो.

चपट्या मॉनिटरवर चित्र क्षणभर दिसून पडदा काळा होतो, दिवा मात्र लागलेलाच राहतो, असे झाल्यास खोली अंधारी करून विजेरीचा झोत पडद्यावर तिरपा टाकावा. अंधुक अक्षरे दिसली, तर चित्र तयार होते आहे. त्यामागील प्रकाश किंवा त्यास वीज देणारा भाग बिघडला आहे. मॉनिटर सुरू होण्यास दहा-दहा मिनिटे लागत असतील, किंवा दिवा सारखा लागत-विझत असेल, तर वीजपुरवठ्यातील कपॅसिटर फुगले असण्याचा संभव असतो. हा भाग स्वस्त असतो व जाणता कारागीर तो बदलून देतो. उष्णता त्याचा शत्रू आहे. उष्णता दहा अंशांनी वाढली की कपॅसिटरचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. आपल्या मराठवाड्यातील उन्हाळा लक्षात घेता मॉनिटर खिडकीच्या उन्हात ठेवू नये व तो चालू असता त्यावर कापड घालू नये.

काचेच्या नळीच्या पडद्यावर कोपऱ्यात रंगाचे डाग दिसले, तर जवळचा ध्वनिक्षेपक दूर करावा. त्यातील चुंबकामुळे असे होते. संपूर्ण चित्राऐवजी मधोमध एकच तेजस्वी रेघ दिसली, किंवा जळका वास आला, तर तत्काळ वीज बंद करून कारागिरास बोलवावे.

या सर्व परीक्षेत एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि काय दिसले, काय बदलले, काय निष्पन्न झाले हे वहीत तारखेसह लिहावे. कारागिरास तेवढ्याने निम्मे काम कळते. निरीक्षण करून लिहून ठेवणे हेच आपण परिसर अभ्यासात मुलांना शिकवितो.

इतके करूनही मॉनिटर खरोखरच निरुपयोगी ठरला, तर त्याचे रीतसर निर्लेखन करावे. मात्र तो भंगारवाल्यास विकू नये व फोडू नये. नळीच्या काचेत शिसे असते आणि जुन्या चपट्या पडद्यांच्या दिव्यांत पारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच जावयास हव्यात. त्यासाठी कार्यालयामार्फतच व्यवस्था करावी.

बंधुभगिनींनो, एखादा विद्यार्थी उत्तर देत नाही म्हणून आपण त्यास लगेच 'मठ्ठ' म्हणत नाही. त्यास ऐकू येते का, फळा दिसतो का, तो उपाशी तर नाही ना, हे आधी पाहतो. तीच सावधगिरी आपण या यंत्राच्या बाबतीत दाखविली, तर कित्येक पडदे पुन्हा उजळतील आणि मुलांचा तास चुकणार नाही.