कर पर्यावरणाचा, वाटा कोणाचा?

(व्याख्यानाचा संपादित भाग)



फुलाला इजा न करता मध घेणाऱ्या भ्रमराप्रमाणे राजाने कर घ्यावा, असे महाभारताचे शांतिपर्व सांगते. कोळशाच्या बाबतीत मात्र फूल चंद्रपूरचे कोमेजले आणि मध भलतीकडेच गेला.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर देशात चौथे होते. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसविला. २०१६ मध्ये तो ४०० रुपये झाला. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्व योग्यच होते. परंतु रकमेचा मोठा भाग स्वच्छ ऊर्जेवर खर्चच झाला नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर हा पैसा राज्यांच्या महसुली तुटीच्या भरपाईकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकरच रद्द झाला आणि कोळशावरील जीएसटी ५ वरून १८ टक्क्यांवर गेला.

असे का घडते? मन्सर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये याचे मर्म सांगितले. लाभ मोठा आणि लाभार्थी मोजके असले, की ते चटकन संघटित होतात. हानी लाखोंमध्ये विभागली गेली, की कोणीच उठत नाही. उद्योगांचे महासंघ असतात, राज्यांचे अर्थमंत्री परिषदेत बसतात. घुग्घुसची धूळ श्वासात घेणाऱ्याचा महासंघ नसतो. कराने वीज महागते. तो पैसा वन, पाणी, आरोग्य यांकडे परतला तर प्रदेशाची उत्पादकता वाढते. अन्यथा उरतो केवळ बोजा.

शेजारच्या गडचिरोलीने दुसरी वाट दाखविली. तेथील बांबू दीर्घकाळ बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जात असे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने ग्रामसभा बळकट केली, २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक स्वतःच्या हाती घेतले. बांबूचे उत्पन्न ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागले.

आज अशीच संधी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची आहे. २०१५ च्या कायदादुरुस्तीनुसार जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम खाणबाधितांसाठी जिल्ह्यातच राहते. तिचा हिशेब ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. कर किती, हे विचारणारे संघटित आहेतच. तो कोठे गेला, हे विचारणाऱ्यांनीही आता संघटित व्हावे.