शिंदे घाटावर आठवलेले नीलकंठशास्त्री

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



काशीतील मराठी माणसांविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा आम्ही ती आनंदाने शिरोधार्य मानली. अहिल्याबाईंनी उभारलेले विश्वेश्वराचे देऊळ, आपला शिंदे घाट. विषयांस तोटा नव्हता. टिपणेही काढली होती. परंतु काल सायंकाळी त्या घाटावर बसलो असता ती घडी करून खिशात ठेवली.

बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला हा घाट स्वतःच्याच भाराने खचला होता, हे आपण जाणताच. रत्नेश्वर महादेवाचे देऊळ तेथे आजही कललेले उभे आहे.

घाट नवा होता त्या काळी या नगरीत नीलकंठशास्त्री गोरे हा चित्पावन तरुण संस्कृत शास्त्रे शिकत होता. जन्म १८२५ चा, झाशीकडचा. घराणे मूळ कोकणातले. पाद्री विल्यम स्मिथ यांस वादात निरुत्तर करावे, या ईर्ष्येने तो त्यांच्याकडे जाऊ लागला. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या ग्रंथास त्याने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून संस्कृतातच उत्तर दिले, तेव्हा वय जेमतेम विशीचे. पुढे मात्र स्वतःचाच पक्ष त्यास लंगडा वाटू लागला. १४ मार्च १८४८ रोजी त्याने बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हे नाव धारण केले. काशीत नव्हे, जौनपुरास. आप्तांच्या डोळ्यांदेखत ते करणे त्यासही जड गेले असावे, असे आम्हांस वाटते, आणि म्हणूनच तो आम्हांस जवळचा वाटतो.

त्या वर्षी ईस्टर २३ एप्रिलला होता. म्हणजे राखेचा बुधवार ८ मार्चला. उपवासकाळ सुरू होऊन आठवडाही लोटला नव्हता.

हा हिशेब आम्ही का मांडला, ते आता सांगितले पाहिजे. आम्ही ख्रिस्ती आहोत. या मंडळात येऊन अकरा वर्षे झाली. आडनावावरून आपला जो समज झाला, तो आम्ही खोडून काढला नाही. गणेशोत्सवात सतरंज्या घातल्या, पंगतीत वाढले. त्यात खोटे काहीच नव्हते. पण एकदा गप्पांच्या ओघात कुणीतरी ‘बाटगे’ हा शब्द उच्चारला, सारे हसले, आणि आम्हीही हसलो. ते हसणे अजून घशात अडकले आहे. या चाळीस दिवसांत आमच्या घरी सामिष शिजत नाही. कुणी विचारले की आम्ही प्रकृतीची सबब सांगतो. परवा सौभाग्यवती म्हणाल्या, “डॉक्टरांच्या नावावर आणखी किती वर्षे उपास करायचा?” शेकोटीपाशी बसलेल्या पेत्राने आपल्या गुरूस तीनदा नाकारले. आमची मोजदाद तीनावर थांबत नाही.

नीलकंठशास्त्र्यांस सत्य स्वस्तात पडले नाही. १८५३ साली कन्या एलन जन्मली आणि लौकरच पत्नी लक्ष्मीबाई निवर्तल्या; मुलगी इंग्रज कुटुंबात वाढली. नव्या धर्मातही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही, आणि त्या त्यांनी दडविल्या नाहीत. ‘षड्दर्शनदर्पण’ या त्यांच्या हिंदी ग्रंथातील वेदान्ताचे खंडन आम्हांस फार कठोर वाटते. तेथे आम्ही त्यांच्या बाजूचे नाही. पण जे पटले ते ते बोलले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा; त्यांच्या मनावर या वृद्ध पाद्र्याच्या लेखणीचा प्रभाव होता. १८९५ साली मुंबईस त्यांचा अंत झाला.

आपल्यापैकी कुणी आम्हांस आजवर दुखविले, अशी तक्रार नाही. भय आमचेच होते. बदली होऊन आलेल्या माणसास परमुलखात मराठी बोलणारी चार घरे मिळाली की ती गमावण्याचे धाडस होत नाही, एवढेच.

ईस्टरच्या दिवशी दुपारी सर्वांनी आमच्या घरी जेवावयास यावे. पुरणपोळी आमच्याकडेही होते. ज्यांस यावेसे वाटणार नाही, त्यांनी तसे मोकळेपणाने सांगावे. आम्ही राग मानणार नाही. घाटाची टिपणे अजून खिशातच आहेत, ती त्या दिवशी वाचून दाखवू.